भीमगीताचे शेवटचे कडवे कोणी कापले?

आपल्या कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा, हे भीमगीत कोणाचे? उत्तरात गायकाचे नाव येईल. प्रल्हाद शिंदेंचे, विठ्ठल उमपांचे, आनंद शिंदेंचे, अलीकडचे असेल तर कडूबाई खरातांचे. लिहिले कोणी, असे पुढे विचारले की माणूस जरा थांबतो आणि वामनदादांचे नाव घेतो. ते बऱ्याचदा बरोबर निघते, आणि चुकले तरी कोणी टोकत नाही. म्हणजे खेड्यापाड्यातल्या कितीतरी शाहिरांची गाणी वामनदादांच्या नावावर जमा होतात, आणि वामनदादांच्या नावावर कोणाचीही कच्ची जोडाजोड खपून जाते. नुकसान दोन्हीकडे आहे.

गेल्या जयंतीला आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनी भीमगीतांची एक वही करायला घेतली. रकाने आखले: गाणे, गायक, गीतकार, साल. गायकाचा रकाना भराभर भरला. सालाचा रकाना भरणार नाही हे माहीतच होते. पण गीतकाराचा रकानाही पानोपान कोरा राहिला. ही मुले पदवीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. पुणे करार कोणत्या तारखेला झाला हे झोपेतून उठवले तरी सांगतील. ज्या गाण्यांवर ती लहानाची मोठी झाली ती कोणी लिहिली हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून या जयंतीपर्यंत मी एक नियम पाळला. भीमगीत ऐकायचे तर शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकायचे, आणि जिथे शेवटचे कडवे नाही तिथे ते कुठे गेले हे शोधायचे. या वर्षात मला जी गाणी नव्याने सापडली, किंवा लहानपणापासून कानावर असूनही पहिल्यांदाच नीट ऐकू आली, ती या नियमामुळे.

शेवटचेच कडवे का? कारण आपल्या मराठी मुलखात गाणारा कवी सही तिथे करतो. तुकोबांचा अभंग असो, नामदेवांचा असो की चोखोबांचा, शेवटी नाव येते. लावणीकारांनी हीच रीत उचलली, शाहिरांनी पोवाड्यात पाळली, आणि सत्यशोधक व आंबेडकरी जलशांतून ती भीमगीतात आली. पुस्तकाला मुखपृष्ठ असते, रेकॉर्डला लेबल असते. जे गाणे छापलेलेच नाही, तोंडोतोंडी फिरणार आहे, त्यात नाव टिकवायचे तर ते गाण्यातच विणावे लागते. यमकात बसवलेले नाव सहजासहजी निघत नाही. काढायचे तर अख्खे कडवे काढावे लागते. नेमके तेच झाले.

आधी जलशाचा इतिहास थोडा पाहू, कारण नावाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. तमाशा हा महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांच्या घामावर उभा राहिलेला फड. गण, गवळण, बतावणी, वग हा त्याचा साचा. सत्यशोधकांनी हा साचा घेतला आणि आतला ऐवज बदलला. गणातून गणपती गेला, गवळणीतली कृष्णाची छेडछाड गेली, बतावणी आणि वगात सावकार, भटजी, कुलकर्णी उभे राहिले. आंबेडकरी जलशांनी 1930 च्या दशकात हीच वाट पुढे नेली. मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, वतनाच्या भाकरीला चिकटू नका, पोरांना शाळेत घाला, हे महाडनंतरचे सगळे सांगणे गावागावात पोचवले ते जलशांनी. वर्तमानपत्र वाचता येणारे घर शंभरात एखादे. डफ-ढोलकीचा आवाज मात्र वेशीपलीकडे सगळ्यांना ऐकू जात होता. कर्डकांच्या एका जलशाची तुलना बाबासाहेबांनी आपल्या अनेक सभांशी केली होती, असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. व्यासपीठावर ही गोष्ट सांगून टाळ्या घेणारे बरेच असतात. त्या जलशात काय गायले जायचे, वग कोणता होता, लिहिला कोणी, हे विचारा, मग बघा.

भीमराव कर्डकांचे मोठेपण माझ्या मते त्या तुलनेत नाही. 1978 साली त्यांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक काढले, त्यात ते आहे. फडावर उभे राहिलेल्या माणसाने म्हातारपणी बसून तो फड कागदावर उतरवला. तसे केले नसते तर आज जलशाबद्दल बोलायला आपल्याजवळ आठवणींखेरीज फार थोडे उरले असते. कृष्णा किरवले यांनी ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ लिहिताना जो धांडोळा घेतला, त्यालाही अशाच नोंदींचा आधार होता. हे पुस्तक मी एमएच्या वेळी संदर्भापुरते चाळले होते. या वर्षी ते गाण्यांसाठी वाचले, तेव्हा ते निराळेच पुस्तक वाटले.

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. पठ्ठे बापूराव, मूळचे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण लावणीकार. त्यांच्या फडावर पवळा, महार समाजातली, तिच्या काळातली सर्वात गाजलेली कलावंत. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली, आणि महार स्त्रियांना नाचवून आलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारली, हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. तो नकार मला पूर्ण पटतो. पण त्या नकाराच्या पुढे जे घडले ते तपासायला आपण कचरतो. आंबेडकरी जलशाने तमाशातले शोषण नाकारताना बाईलाच फडावरून खाली उतरवले. जलशात स्त्रीपात्र आले तरी ते पुरुष करत. जातीने जिला नाचायला लावले तिला प्रतिष्ठा द्यायची, तर तिला घरात नेऊन बसवायचे, असा तो हिशेब होता. शैलजा पैक यांनी 2022 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास मांडताना हाच गुंता उलगडला आहे. 2024 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. पुस्तक किती जणांनी उघडले?

पवळाचे उदाहरण नावाच्या बाजूने पाहा. लावणीच्या शेवटी पठ्ठे बापूरावांची सही असे. गाजवायची ती पवळा. शतकभरानंतर तिचे नाव घेतले जाते तेही बापूरावांची पवळा असे. तेव्हा लिहिणाऱ्याचे नाव राहिले, गाणारीचे पुसट झाले. आपल्या भीमगीतात आज गाणाऱ्याचे राहते आणि लिहिणाऱ्याचे जाते. दोन्ही वेळा, बाजारात ज्याचे नाव विकले जाते त्याचे टिकते, हे उघड आहे.

आता वामनदादा. 15 ऑगस्ट 1922 ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, 15 मे 2004 ला नाशकात निधन. शाळा नाही. पोटासाठी मुंबईत आलेला हा तरुण समता सैनिक दलात जाऊ लागला. कोणीतरी पत्र वाचून दाखव म्हणून पुढे केले आणि वाचता येत नाही याची त्यांना इतकी लाज वाटली की मोठेपणी मुळाक्षरे गिरवली, दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकले. 1943 मध्ये पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचे विडंबन म्हणून. पुढची साठ वर्षे हा माणूस गात आणि लिहीत राहिला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह आले. पण त्यांची बरीच गाणी आधी गायली गेली आणि मग छापली गेली, आणि पुष्कळ छापलीच गेली नाहीत.

वामनदादांची गाणी शेवटपर्यंत ऐकली तर बहुतेक ठिकाणी ‘वामन’ भेटतो. मी पूर्वी ही नुसती रूढी समजत असे. या वर्षी सलग ऐकताना लक्षात आले की त्या नावाचे काम दर वेळी वेगळे असते. कुठे तो वामन श्रोत्यांच्या रांगेत बसलेला असतो, कुठे पुढाऱ्यांना खडसावतो, कुठे स्वतःलाच टोचून घेतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरच्या गाण्यांत तर खरी धार शेवटच्या कडव्यातच आहे. गटबाजीवरचा राग, रिपब्लिकन ऐक्याचा विस्कोट, बापाच्या मागे भांडणारी लेकरे, हे सगळे तो स्वतःचे नाव घालून, स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो. धृपद आणि पहिली दोन कडवी गौरवाची असतात. पाचवे कडवे हिशेब मागणारे असते. आता सांगा, मिरवणुकीत कोणते वाजते? पहिली दोन.

म्हणून मी म्हणतो की कापले गेले ते केवळ नाव नाही. टीका करणारा वामन कापला गेला आणि जयजयकार करणारा ठेवला गेला. ज्या पुढाऱ्यांवर त्याने गाणी केली त्यांच्याच व्यासपीठावर त्याची अर्धी गाणी वाजतात आणि कोणाला काही टोचत नाही.

सिनेमाच्या चालींवरून वामनदादांना आणि एकूणच भीमगीतांना हिणवणारा एक वर्ग आपल्यातही तयार झाला आहे. त्यांना मी एवढेच विचारीन की पेटी-तबल्याचा खर्च न परवडणाऱ्या माणसाने सगळ्यांच्या ओठांवर आधीच असलेली चाल घेतली तर त्यात कमीपणा कसला? ओवीची चाल कोणी एकाने बांधली होती का? आयती चाल घेतल्यामुळे गाणे एका रात्रीत शिकता येई, आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावात पोचलेले असे. असो.

कडवे कापले कोणी, याकडे येतो. पहिली कात्री यंत्राची. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. फडावर अर्धा तास रंगणाऱ्या गाण्याचे त्यात काय होणार? कॅसेट आली तेव्हा जागा वाढली. एका बाजूला अर्धा तास. पण कॅसेट विकायची तर आठ-दहा गाणी भरली पाहिजेत, म्हणून गाणे पुन्हा चार-पाच मिनिटांवर आले. कव्हरवर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचे नाव आत बारीक अक्षरात, तेही असले तर. तरीही कॅसेटचे उपकार मी नाकारणार नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि आकाशवाणीने ज्यांना दारात उभे केले नाही असे गायक घराघरात पोचले. प्रल्हाद शिंदेंचा तोच आवाज पंढरीच्या वाटेवर विठ्ठलाची गाणी गात होता आणि वस्तीत भीमगीते. आपल्यातल्या काही कट्टर मंडळींना हे खटकते. मला त्यात एका कलावंताचे पोट दिसते, आणि असा आवाज की ज्याच्याशिवाय सवर्णांच्या भक्तिगीतांचेही भागत नव्हते.

त्यानंतर सीडी, मग मेमरी कार्ड. दीक्षाभूमीच्या बाहेर किंवा सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर शेकडो गाणी भरलेला पेनड्राइव्ह मिळतो. मी या सहा डिसेंबरला घेतला. गाण्यांच्या फाइलींना नावे काय, तर भीमगीत एक, भीमगीत दोन, न्यू भीमगीत, डीजे भीमगीत. गायकाचेही नाव गेले! त्यात दोन गाणी अशी निघाली की मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती. नामांतराच्या लढ्यावरची. 1978 च्या ठरावानंतर मराठवाड्यात पेटलेली घरे, पोचिराम कांबळेंचा खून, 1994 च्या नामविस्तारापर्यंतची सोळा वर्षे, हे सगळे दोन गाण्यांत. गावांची नावे एकामागून एक येतात. संशोधकाने टिपणवही घेऊन बसावे असा ऐवज. आणि दोन्ही गाणी मधेच तुटलेली, पुढच्या गाण्याचे संगीत त्यावर चढलेले. यूट्यूबवर, जुन्या कॅसेटी विकणाऱ्यांकडे, ओळखीच्या गायन पार्ट्यांकडे विचारून झाले. एकाचा शेवट मिळाला, त्यात शाहिराचे नाव आहे आणि गावाचेही. दुसऱ्याचा शोध चालू आहे.

डीजेवर मी तुटून पडेन असे काहींना वाटले असेल. मला त्या टीकेचा कंटाळा आला आहे. चौदा एप्रिलच्या आवाजावर अग्रलेख लिहिणाऱ्यांना गणेशोत्सवाचे दहा दिवस ऐकू येत नाहीत, हे आपण जाणतो. ज्यांच्या आजोबांना रस्त्यावरून चालताना सावली सांभाळावी लागली त्या पोरांनी रस्ता अडवून नाचावे, यात मला गैर दिसत नाही. माझे भांडण आवाजाशी नाही, लांबीशी आहे. धृपदाची एक ओळ चाळीस वेळा वाजवता, तर त्यात एकदा शेवटचे कडवे वाजवा. तीस सेकंदांच्या रीलमध्ये तर धृपदही पुरते मावत नाही.

आणि ही कात्री केवळ आपल्याच गाण्यांवर चालली असे नाही. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ घ्या. टीव्हीवरच्या लोकसंगीताच्या कार्यक्रमात ती विरहाची शृंगारिक लावणी म्हणून सादर होते. गायक पहिला भाग खुलवून गातो, परीक्षक वाहवा करतात. अण्णा भाऊंनी ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लिहिली. पुढच्या भागात मुंबईतला कष्टकरी, लढा, आणि महाराष्ट्रापासून तोडलेले बेळगाव, कारवार हे सगळे येते, आणि तेव्हा कळते की गावाकडे राहिलेली मैना म्हणजे केवळ बायको नाही. उत्तरार्ध काढला की मांगवाड्यातून आलेल्या कम्युनिस्ट शाहिराचे राजकीय गाणे मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात बसू शकते. एक मेला मी ते पहिल्यांदा पूर्ण ऐकले, एका जुन्या ध्वनिमुद्रणात. त्यानंतर अर्धे गाणे ऐकवत नाही.

जुलैत विलास घोगरे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी, 15 जुलैला, विलास घोगरे यांनी कपाळाला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. ते डाव्या सांस्कृतिक चळवळीतले शाहीर, तिथून बाहेर काढले गेलेले. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या 1985 च्या माहितीपटात त्यांचे गाणे आहे, आणि 2011 चा ‘जय भीम कॉम्रेड’ त्यांच्या मृत्यूपासूनच सुरू होतो. त्या चित्रपटावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले, काही रास्तही होते. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. घोगरेंचे गाणे आज त्यांच्या चेहऱ्यासकट, नावासकट आणि शेवटपर्यंत उपलब्ध आहे, कारण कोणीतरी कॅमेरा मधेच बंद केला नाही. त्यांच्या बरोबरीचे, तितकेच ताकदीचे किती शाहीर गेले, त्यांचे दोन मिनिटांचेही चित्रण नाही.

बाईच्या गाण्याकडे मी उशिरा वळलो, कारण शेवटच्या कडव्याचा माझा नियम तिथे चालतच नाही. जात्यावरच्या ओवीत गाणारीची सही नसते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने आवाजासह खुल्या केल्या आहेत. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी 1996 मध्ये गायलेल्या ओव्या आहेत. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्या देवाला हा ओवीचा जुना साचा. या बायकांनी त्यात देवांच्या जागी बुद्ध, भीमराव, रमाई बसवली. कोणा पुढाऱ्याने येऊन शिकवले नव्हते. जलशाच्या फडावर जिला जागा नव्हती ती दळता दळता स्वतःचा जलसा करत होती. या वर्षातला माझा सर्वात मोठा शोध हाच. विशेष म्हणजे तिथे प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहिले आहे. जे आपल्या कॅसेटवाल्यांना आणि मंडळांना जमले नाही ते तिथे झाले.

नावाच्या या गोष्टीत सोयराबाई आठवतात. चोखोबा आपल्या नावाने सही करतात आणि सोयराबाई कित्येक अभंगांत चोख्याची महारी म्हणून. नवरा आणि जात, दोन्ही त्या सहीत आले, स्वतःचे नाव राहून गेले. आणि त्यांच्याही कितीतरी शतके आधीची थेरीगाथा पाहा. बुद्धपौर्णिमेला आम्ही विहारात त्यातल्या काही गाथांचे वाचन केले. त्र्याहत्तर गाथा, आणि परंपरेने जवळपास प्रत्येक गाथेपुढे थेरीचे नाव जपले आहे. पाणी वाहणारी दासी पुण्णिका थंडीत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की अंघोळीने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवांचे काय. हा प्रश्न दासीच्या नावाने राहिला आहे. एकीचे नाव मात्र केवळ सुमंगलमाता आहे, सुमंगलाची आई. म्हणजे तिथेही गळती आहेच. पण भिक्खूंनी या गाथा पाठांतराने पुढे नेल्या आणि नावेही बरोबर नेली. लिपी हाताशी नसताना त्यांनी जे सांभाळले ते हातात मोबाइल असताना आपल्याला जमू नये?

एक आक्षेप मला वर्षभर ऐकवला गेला, आणि तो ऐकवणारे प्रामाणिक कार्यकर्ते आहेत. गाणे समाजाचे असते, शाहिराने ते समाजाला अर्पण केले, आता नावाचा आणि पैशाचा हिशेब कशाला? ऐकायला छान आहे. पण गाणे समाजाला अर्पण झाले असेल तर कंपनीला कोणी अर्पण केले? व्हिडिओवर जाहिराती चालतात, त्यांचे पैसे कोणाकडे जातात? शाहिराचे घर पत्र्याचे राहते आणि त्याच्या गाण्यावर दुसऱ्याचे चॅनेल चालते, हा कुठला समाजवाद? शिवाय हा त्याग नेहमी आपल्याच माणसाकडून मागितला जातो. सिनेमाच्या गीतकाराला कोणी म्हणत नाही की गाणे समाजाचे आहे, नाव काढून टाक.

हे आपल्यापुरतेच नाही. 2021 मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणे जगभर गाजले. अरिवू या दलित कवी-गायकाने ते लिहिले, त्यात चहामळ्यात राबलेल्या आपल्या आजीच्या पिढीची कहाणी घातली. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या निमित्ताने जे चेहरे आले त्यात अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे विचारले तेव्हा कुठे गलबला झाला. शिकलेला, इंग्रजी जाणणारा, प्रसिद्ध माणूस होता म्हणून निदान गलबला तरी झाला.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही कार्यकर्त्यांना माहीत असावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अण्णा भाऊ 1969 मध्ये गेले, त्यांचे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत. घोगरेंचे 2057 पर्यंत, वामनदादांचे 2064 पर्यंत. याच कायद्याच्या कलम 57 नुसार, गाण्याचे सगळे हक्क विकले तरी लेखक म्हणून आपले नाव लावण्याचा हक्क विकला जात नाही, आणि लेखकाच्या पश्चात तो त्याच्या वारसांना बजावता येतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकाराला रॉयल्टीत समान वाटा दिला, आणि वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो इतर कोणाला लिहून देता येत नाही. पाचशे रुपये आणि एक शाल देऊन कोऱ्या कागदावर सही घेतलेली असली तरीही. आपल्या समाजात आता वकील काही कमी नाहीत.

मुलांची ती वही आता बरीच भरली आहे. कडूबाईंच्या एकतारीवरच्या गाण्यांचे गीतकार शोधायचे काम एका मुलीने अंगावर घेतले आहे. दुसरा एक मुलगा दुरंगी सामन्याच्या जुन्या कॅसेटी जमवतो. कव्वालीच्या त्या सामन्यात बाईला उत्तर द्यायला व्यासपीठ मिळाले होते, ही गोष्ट कोणी नीट लिहिलेली नाही. या जयंतीला मंडळाने आमचे एवढे ऐकले की मिरवणूक निघण्याआधी अर्धा तास डीजे बंद ठेवून गायन पार्टीने पाच गाणी पूर्ण म्हटली, शेवटच्या कडव्यासकट, आणि निवेदकाने प्रत्येकाच्या आधी गीतकाराचे नाव सांगितले. पोरे जरा कुरकुरली. मग तीच पोरे पाचव्या गाण्याला कोरसमध्ये आली.

वस्तीतल्या एका आजोबांनी साठच्या दशकात एका गायन पार्टीत झांज वाजवली आहे. काळाराम सत्याग्रहावरचे एक गाणे त्यांना येते. ते कुठेही छापलेले नाही, कुठल्याही रेकॉर्डवर मला सापडले नाही. पाच वर्षांच्या त्या सत्याग्रहातला रामरथाच्या वेळचा दगडांचा मारा त्यात इतका बारकाईने आला आहे की लिहिणारा तिथे असावा किंवा त्याने तिथल्या माणसाकडून ऐकलेले असावे. आजोबा सगळे गाणे म्हणतात. शेवटच्या कडव्यात जिथे शाहिराचे नाव यायला हवे तिथे त्यांचे शब्द थांबतात आणि ते चाल गुणगुणतात, मग पुढचे दोन शब्द बरोबर येतात. तीन अक्षरांचे नाव असावे, एवढे चालीवरून कळते. त्यांच्या पार्टीतला पेटीवाला अजून सिन्नरकडे असतो म्हणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिकडे जायचे ठरले आहे.